ओटीची हिरवी साडी

मला रंग धड दिसत न्हाईत, हे मला सत्तरी वलांडल्यावर कळलं. म्हंजी आभाळ निळं दिसतं, झेंडू पिवळा दिसतो, काळं-पांढरं तर कुणाला बी दिसतंय. पण तांबडं आन् हिरवं ह्या दोघांत लोक कशापायी एवढा फरक करत्यात, ते मला कवा उमगलंच न्हाई. मी म्हणायचो, असंल त्यांची बोलायची रीत. माणूस जल्मापासनं ज्या डोळ्यांनी बघतो, त्यांच्यावरच त्यो भरवसा ठेवतो. दुसऱ्याचे डोळे उसने मागून कुणी बघितलंय का?

मी भिमाजी. लोहगडाच्या पायथ्याला आमचं भाताचं वावर हाय. पोरगा अमृत लोहगडवाडीत टपरी चालवतो, गडावर येणाऱ्या शहरातल्या पोरांना पिठलं-भाकरी घालतो. लेक सारिका लोणावळ्यात दिलीय. लोणावळं काय सातासमुद्रापार न्हाई, पण बावीस वर्सांत ती माझ्या दारात आली न्हाई. का आली न्हाई, त्येच सांगायला बसलोय.

तुमी म्हणाल, रंग कळत न्हाई तर ह्यो गडी शेती कशी करत व्हता? अहो, शेतीला रंग कशाला पायजे. लोंबी वाकली आन् दाणा दाताखाली कट्ट वाजला की भात पिकलं. मिरची सुरकुतली की पिकली. आंबा नाकाला कळतो. राह्यलं कापडचोपड, तर ते माझी बायको रतन बघायची. बाजारात साडी, सदरा, टोपी तिनं निवडायची आन् मी पिशवी धरून हुबं राह्यचं. सणाला माझं धोतर-सदरा बी तीच काढून ठेवायची. तिला माझं काही कळलं व्हतं का, देव जाणे. बोलली न्हाई कवा, आन् बोलायच्या आत गेली.

रतन गेली त्याच वर्साला सारिकाला पहिल्यांदा दिवस गेले. आमच्यात सातव्या महिन्यात ओटी भरत्यात. ओटीला माहेरची हिरवी साडी लागती. हिरवीच. त्यात दुसरं काही चालत न्हाई. आई नसलेली पोर, तवा म्हणलं हिला कमी पडू द्यायचं न्हाई. अमृत तवा शाळेत, त्येला साडीतलं काय कळणार? मी एकलाच कामशेतच्या बाजारात गेलो.

दुकानदाराला म्हणलं, "भाऊ, हिरवी दावा. भारीतली. लेकीच्या ओटीला हाय." त्येनं गठ्ठे सोडले. सगळ्या साड्यांवर हात फिरवून बघितला आन् एक मनात भरली. पिवळ्याधमक काठावर कोयऱ्या काढलेल्या, पदर भरलेला, सूत असं मऊ की बास. दुकानदार म्हणला, "भाऊ, ही पाहिजे?" मी म्हणलं, "व्हय, हीच." त्येला वाटलं असंल, गिऱ्हाइकाचं मन फिरलं. त्येचं तरी काय चुकलं? मी ती साडी घरापतूर छातीशी धरून आणली.

ओटीच्या दिवशी सारिकाच्या सासूनं, नंदाबाईनं, पाटावरची घडी उलगडली. नंदाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणली, "पाव्हणं, पहिलटकरणीच्या ओटीला ही असली मातकट साडी? असली लोक मेलेल्याच्या दिवसाला, बाराव्याला नेसत्यात."

"मातकट कुटं?" मी म्हणलं. "हिरवीगार हाय की."

मागं कुणी तरी बाई हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घराण्यात राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो, त्येला लांबनं यावं लागत न्हाई. मी म्हणलं, "डोळं फुटलं का तुमचं समद्यांचं? हिरव्याला मातकट म्हणताय? माझी लेक दिली म्हणून माझी चेष्टा लावलीया व्हय?" त्या मांडवात आंधळा मीच, आन् मीच दुसऱ्यांचे डोळे काढत बसलो व्हतो. पण ते आता कळतंय. तवा वाटलं, ह्यांनी ठरवून माझी इज्जत काढली. न जेवताच उठलो आन् चालता झालो. ओटी भरायची तशीच राह्यली.

सारिका जाग्यावरच बसलेली. नुसती माझ्याकडं बघत व्हती. त्या बघण्याचा अर्थ मला पुढं कळला. त्याच्या आदल्या महिन्यात मी तिला हक्क सोडायला सांगितलं व्हतं. आमच्याकडं तशी रीतच पडलीय. लेकीनं जमिनीवरचा हक्क भावाच्या नावानं सोडायचा, म्हंजी तिला माहेरचं दार उघडं राहातं. सारिका म्हणली व्हती, "एवढी घाई कशाला आबा, बाळंतपण तर होऊ द्या." त्यावर मी काय काय बोललो, ते आठवून उपेग न्हाई. तिला वाटलं, जमिनीचा राग बापानं ओटीवर काढला. मुद्दाम दिवसाची साडी आणली, आन् वर चारचौघांत हिरवी हाय म्हणून रेटून खोटं बोलला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ते बी तिनं सासरीच केलं. पोरगा झाला. सव्वा महिन्यानं उठली ती थेट वडगावच्या कचेरीत आली, सही केली आन् म्हणली, "घ्या तुमची जमीन." त्यापुढं माझ्याशी एक शब्द न्हाई. मी बी कमी न्हाई. मी म्हणलं, ज्याला खरं ऐकायचंच न्हाई त्येच्या दारात मी कशाला जाऊ? अशी बावीस वर्सं गेली. राग कवाच निवला व्हता, पण अबोला तसाच.

तिचा पोरगा सार्थक मात्र आला. कालेजातल्या पोरांबरोबर गड चढायला आलता, मामाच्या टपरीवर पाणी मागितलं, नाव सांगितलं, आन् अमृतनं त्येला धरून माझ्यापुढं आणून हुबा केला. मंग त्यो येतच राह्यला. मी इचारायचो, "आईला सांगून येतोस का रं?" त्यो म्हणायचा, "ती विचारत नाही आबा, मी सांगत नाही." पोरगं गुणी. रेल्वेचं याड. घाट चढवून आणल्यावर गाडीच्या मागची इंजिनं लोणावळ्याला सोडत्यात, ती बघत ह्यो बालपणापासनं पुलावर हुबा. इंजिन चालवायचं, दुसरं काही नगं. त्या परीक्षेला बसला आन् पास झाला. अमृतनं टपरीवर आलेल्या समद्यांना फुकट चहा पाजला.

ह्या वर्सी भात पोटरीला आलतं, लोंबी अजून पोटातच व्हती, तवा त्यो एकलाच आला. टपरीवर न थांबता सरळ वावरात. माझ्या शेजारी बांधावर बसला.

"आबा, मेडिकलला नापास झालो."

"का रं? रक्तदाब निघाला का?"

"डोळे."

"मग चष्मा लाव की. त्यात काय एवढं?"

"चष्म्याचं नाही, आबा. नजर चांगली आहे. मला लाल-हिरवं वेगळं ओळखता येत नाही. सिग्नल ओळखता येणार नाही अशा माणसाच्या हातात गाडी कशी देतील? त्यांचं बरोबर आहे." मंग त्यो हसला, पण ते हसणं बघवंना. म्हणला, "शाळेत मी झाडाचं खोड हिरवं रंगवायचो. बाई म्हणायच्या, लक्ष कुठं असतं तुझं? माझं लक्ष तिथंच असायचं."

पोराचं सोन्यासारखं सपान मातीत गेलं व्हतं. म्हणून मी म्हणलं, "कसली परीक्षा घेत्यात ती, दाव तरी मला." मला आपलं वाटलं, बोलता बोलता पोराचं मन हलकं व्हईल.

त्येनं मोबाइल काढला. त्यात एक गोल चित्र, समदं ठिपक्या-ठिपक्यांचं. म्हणला, "ह्यात एक आकडा लपलेला असतो. मला दिसत नाही. तुम्हाला कोणता दिसतो?"

मी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "आकडा कुटं हाय ह्यात? नुसते ठिपके हायेत."

त्यो माझ्याकडं बघाय लागला. दुसरं चित्र काढलं. त्यात बी ठिपकेच. तिसऱ्यात बी तेच. मंग त्येनं टपरीकडं तोंड करून अमृतला हाक मारली. अमृत हात पुसत आला, मोबाइलकडं एक नजर टाकली आन् म्हणला, "पंचेचाळीस. का, काय झालं?"

आमी दोघांनी एकमेकांकडं बघितलं. अमृत पंचेचाळीस म्हणून परत चुलीकडं गेला, त्येला भाकरी करपायची काळजी. सार्थक म्हणला, "आबा, तुम्हालाही नाही दिसत." आन् मग त्येच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मला वाटलं, त्यो माझ्यावर रागावला. पण त्यो म्हणला, "मला वाटत होतं, असा मी एकटाच आहे."

मंग त्येनं मला समजावून सांगितलं. बारावीला शिकलेला व्हता त्यो. आधी मोठमोठे शब्द काढले, ते माझ्या डोक्यावरनं गेले. मी म्हणलं, "मला माझ्या भाषेत सांग, न्हाई तर ऱ्हाऊ दे." तवा त्येनं थोडा इचार केला.

"असं समजा आबा, माणूस जन्माला येताना आईबापाकडून बियांच्या पुड्या घेऊन येतो. रंग ओळखायचं बी एका ठरावीक पुडीत असतं. बाईला तसल्या दोन पुड्या मिळतात, एक आईची, एक बापाची. पुरुषाला एकच, ती आईकडची."

"म्हंजी बाईला दुबार पेरणीचं बी असतं."

"बरोबर. एक पुडी खराब निघाली तरी दुसरी उगवते. तिला सगळे रंग दिसतात, आणि आपल्याकडं एक खराब पुडी आहे हे तिला कळतही नाही. पुरुषाची एकच पुडी, ती खराब निघाली की संपलं. तुमची खराब आहे. ती आईकडं गेली, कारण लेकीला द्यायला बापाकडं तेवढीच असते. आजीकडची दुसरी चांगली होती म्हणून आईला काही झालं नाही. आईनं मला तिच्या दोनातली एक दिली. कोणती द्यायची हे काही तिच्या हातात नव्हतं. माझ्या वाट्याला तुमची आली."

"आन् अमृतला?"

"मामाला तुमची ती पुडी मिळालीच नाही. बाप पोराला दुसरीच देतो, तिच्यात हे बी नसतं. त्यांना मिळाली ती आजीची. म्हणून पंचेचाळीस."

शेतकऱ्याला बियाचं गणित लगीच कळतं. मला माझा मामा आठवला, गेणूमामा. मिरची तोडायला बसला की कवळी-पिकली समदी एका पाटीत टाकायचा आन् मामी त्येच्या नावानं शिमगा करायची. म्हंजी आजीपासनं ते मामाकडं गेलं, माझ्या आईकडं गेलं, आन् आईकडनं माझ्यात उतरलं. कुणाला पत्ता न्हाई. खाण तशी माती म्हणत्यात, पण मातीच्या पोटात काय दडलंय हे खाणीला बी ठाव नसतं.

मंग मनात दुसराच इचार आला. पोराला जमीन दिली. लेकीला काय दिलं? हे. जे लेकीला देता आलं असतं ते दिलं न्हाई, आन् पोराला देता येत नव्हतं तेवढंच लेकीच्या पदरात घातलं.

आन् तवाच नंदाबाईचा त्यो शब्द कानात वाजला. मी इचारलं, "सार्थक, मातकट आन् हिरवं, ह्यात बी घोळ व्हतो का रं?"

"तोच तर हमखास होतो, आबा."

 मी त्येला साडीचं समदं सांगितलं. त्येला आईकडची बाजू ठाव व्हती, माझी न्हाई. ऐकता ऐकता त्यो हुबा राह्यला. "म्हणजे तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला ती हिरवीच दिसली. मी आत्ता जाऊन आईला सांगतो."

मी त्येचा हात धरला. "बस खाली. सांगायचं न्हाई."

"का?"

"तुझी आज्जी, नंदाबाई, तुझ्या आईला काय म्हणंल, ठाव हाय का? पोराची नोकरी गेली ती तुझ्या माहेरच्या खोडीनं गेली, तूच ती घिऊन आलीस, असं म्हणंल. त्या घरात माझ्यापायी तिनं बावीस वर्सं ऐकून घेतलंय. आता आणिक एक धोंडा मी तिच्या डोक्यावर ठेवू? आन् तिला सोताला काय वाटंल? आपण पोराला हे दिलं, ह्याच इचारानं झुरंल ती."

"पण तिनं मुद्दाम नाही दिलं."

"मी तरी मुद्दाम कुटं दिली व्हती साडी? लोक मुद्दाम हाय का न्हाई हे बघत न्हाईत."

"मग तुम्ही खोटेच राहणार?"

"मला सवय झालीया," मी म्हणलं. त्यो उठून गेला. घरी जाऊन सांगणार का न्हाई, त्येनं सांगितलं न्हाई आन् मी इचारलं न्हाई.

खरं सांगू का? तोंडानं नगं म्हणलं, पण आतनं लय वाटत व्हतं की त्येनं सांगावं. लेकीला कळावं की बापानं दुकानातली सगळ्यात चांगली हिरवी साडी निवडली व्हती, त्येच्या डोळ्यांना दिसली तशी. मरायच्या आधी तेवढं तिला कळलं तर बास. आन् लगीच वाटायचं, मेल्या, तुझ्या जिवाला गार वाटावं म्हणून लेकीनं पुन्ना बोलणी खायची का? असे दोन बैल दोन दिशांना वढत व्हते. अमृतला एकदा इचारलं, "ही मिरची कंची रं?" त्यो म्हणला, "आबा, आता हे काय नवीन खूळ?" मंग त्येला बी समदं सांगितलं. त्यो म्हणला, "म्हंजी ताई उगीच रुसली." मी म्हणलं, "उगीच न्हाई रुसली. हक्काचं बोलणं तर मीच काढलं व्हतं ना?" त्यावर त्येनं मान खाली घातली.

भात कापून खळ्यावर आलं. झोडणी चालली व्हती. मी सुपानं वारं देत व्हतो, तर खालच्या पायवाटेनं सार्थक येताना दिसला, आन् मागं एक बाई. उन्हामुळं तोंड दिसंना. एवढं दिसलं की बाईनं हिरवी साडी नेसलीय. म्हणलं, कुणाची माहेरवाशीण असंल, दिवाळी जवळ आलीया. मंग ती बाई बांध चढून वर आली आन् काठ दिसला. पिवळाधमक, कोयऱ्या काढलेला.

सूप माझ्या हातातनं खाली पडलं.

सारिका खळ्याच्या कडंला येऊन थांबली. बावीस वर्सांत केस पांढरे झाले व्हते, पण हुबं राह्यची ढब रतनची.  तीच आधी म्हणली, "सार्थकनं समद्यांसमोर सांगितलं. जेवताना."

"आन् नंदाबाई?"

"त्या म्हणल्या, 'म्हंजी हे तुझ्या माहेरनं आलं तर.' मी म्हणलं, 'व्हय, माहेरनं आलं. माहेरचं एवढंच हाय माझ्याजवळ, तेवढं तरी म्हणू द्या.' त्यावर त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता हांडी-भांडी आपटतील. पण थोड्या वेळानं बाहेर आल्या आन् म्हणल्या, 'म्हंजी तुझा बाप खोटं बोलत नव्हता. आन् मी भर मांडवात बोलले. ती साडी ठेवलीयस का अजून? नेस आन् जा.'"

"तू ठेवली व्हतीस?"

"टाकून देणार व्हते. हात व्हईना. आईविना पहिलीच साडी व्हती ना तुमी आणलेली." तिनं काठावरनं बोट फिरवलं. "मी तुमाला काय काय समजले, आबा."

"तू काय चुकीचं समजलीस? डोळ्यांचं सोड, जे बोललं ते तोंड तरी माझंच व्हतं की," मी म्हणलं आन् मला रडू आलं. पोरापुढं, लेकीपुढं, खळ्यावरच्या गड्यांपुढं मी ढसाढसा रडलो. लाज वाटली न्हाई.

मंग तिनं पदर पुढं धरला. "कंच्या रंगाची हाय ही, आबा?"

आता मला त्यो शब्द पाठ झाला व्हता. मातकट म्हणलं असतं तर खरं झालं असतं, आन् म्हणावं असं वाटलं बी. पण बघितलं तर शेवटी तेच दिसलं. "खोटं कशाला बोलू? मला हिरवीच दिसतीया गं."

सार्थक मागनं म्हणला, "मलाही हिरवीच दिसते, आई."

"घ्या. दोघं झाले एका बाजूला," सारिका डोळे पुसत म्हणली. "मग हिरवीच हाय. भरा ओटी. तवाची राह्यलीया."

"ओटी बायांनी भरायची असती. बापानं भरलेली कुणी ऐकलीय?"

"आई असती तर तिनं भरली असती. आता तुमीच."

खळ्यावर नवं भात व्हतं, सोन्यावाणी पिवळं. तेवढा रंग मला दिसतो. मी वाकलो आन् ओंजळ भरून तिच्या पदरात घातली.  ह्याच हातानं ह्या पोरीला काय दिलं आन् काय दिलं न्हाई, समदं तिथं आठवलं. तिला ते कळलं असणार. लेक कुणाची?

"जमीन पोराला आन् डोळं लेकीला," ती हसून म्हणली. हसण्यात पाणी व्हतं. "वाटणी बरी केलीत, आबा."

अमृत टपरीवरनं पळत आलता, त्यो माझ्या पाठीमागं हुबा व्हता. मी वावराकडं बघितलं, मंग त्येच्याकडं बघितलं. त्येनं मान हलवली.

"वाटणी अजून संपली न्हाई," मी म्हणलं, आन् दुसरी ओंजळ भरली.